गळ्यापर्यंत भरलेली बाटली

खरी सही दोनदा अगदी सारखी येत नाही. सहकारी बँकेत एकोणीस वर्षं मी चेकवरच्या सह्या जुळवल्या, त्यात शिकलेली ही गोष्ट. नवा कारकून नमुन्याशी तंतोतंत जुळणारी सही बघून खूश होतो आणि पास करतो. मी नेमकी तीच अडवायचे. माणूस कधी घाईत असतो, कधी पेन अडतं, कधी शेवटची रेघ लांबते. केसाचाही फरक नसेल तर ती कुणीतरी काचेवर ठेवून गिरवलेली असते. या खोडीपायी शाखेत सगळे मला शंकासुर म्हणायचे.

तर अशा शंकासुराच्या घरात दारू आली ती नवऱ्याच्या नोकरीतून, आणि तीही फक्त बोलण्यात. काशीनाथ मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात सत्तावीस वर्षं वाइन वाढायचे. (तोंडाने मी ‘अहो’च्या पुढे कधी गेले नाही. लिहिताना नाव लिहिते, नाहीतर कोण कुठले ‘हे’ ते कळायचं नाही.) पांढरे हातमोजे, हातावर घडी घातलेला नॅपकिन, आणि घरी आल्यावर आमटीभात. नातेवाइकांना वाटायचं, ह्यांना रोज फुकटची मिळत असणार. प्रत्यक्षात चमचाभर तोंडात घ्यायची, खळखळवायची आणि थुंकायची, अशी ती नोकरी होती. मी म्हणायचे, याला म्हणतात देव देतो आणि कर्म नेतं.

त्या हॉटेलात एक बाटली होती. मदेरा नावाचं समुद्रातलं एक पोर्तुगीज बेट आहे, तिथली वाइन. ती मुद्दाम तापवतात, माळ्यावर वर्षानुवर्षं उकडत ठेवतात, वर कडक अर्क घालतात. एवढे हाल सोसल्यावर तिला पुढे काहीच होत नाही, शंभर वर्षं टिकते. ही बाटली १९२० सालची. तिचं वर्णन हॉटेलच्या कार्डावर छापलेलं होतं आणि काशीनाथना ते पाठ होतं. भाजलेला अक्रोड, संत्र्याची साल, जळत आलेली साखर, आणि शेवटी जिभेच्या कडेने धावणारी आंबट रेघ. आठ वर्षं ते हे प्रत्येक टेबलावर म्हणून दाखवत होते. किंमत ऐकून माणसं हसायची आणि बिअर मागवायची.

मग एकदा एका म्हाताऱ्या पाहुण्याने ती घेतली. काशीनाथनी फोडली, ओतली, वर्णन म्हटलं. पाहुण्याने विचारलं, “तुम्ही स्वतः चाखली आहे?” काशीनाथ म्हणाले, “हो सर.” चाखलेली नव्हती. पाहुणा उठून गेला तेव्हा बाटली रिकामी होती, पण ग्लासच्या तळाशी बोटभर राहिली होती. काशीनाथ ग्लास घेऊन आत गेले, तर वेटरांवर देखरेख करणारा कॅप्टन दारातच उभा. उष्टं तोंडाला लावलेलं दिसलं असतं तर नोकरी गेली असती. त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते बोटभर बेसिनमध्ये ओतलं.

“आठ वर्षं लोकांना जे सांगितलं ते खरं होतं की खोटं, एवढंच कळायला हवं होतं गं,” हे वाक्य मी त्यानंतर सव्वीस वर्षं ऐकलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दहाव्यांदा मी कुकरची शिट्टी मोजत होते. शंभराव्या वेळी म्हटलं, “अहो, अक्रोड, संत्र्याची साल आणि जळकी साखर मी देते वाटून, घ्या चाटून.” माझी जीभ ही अशी. आणि जिभेचा रोग झाला त्यांना.

जन्मात तंबाखू नाही, सुपारी नाही. डाव्या कडेला एक चट्टा आला, पुढचं सांगत बसत नाही. पस्तीस वेळा रेडिएशन झालं. तोंड आतून सोलून निघालं, चव गेली. चव सहा-आठ महिन्यांत परत येते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि सातव्या महिन्यात काशीनाथ म्हणाले, “आली.” मी सत्यनारायण घातला. नवव्या महिन्यात रोग परत आला. आता जीभ जवळजवळ सगळीच काढायची ठरली. बुधवारी भरती, गुरुवारी सकाळी ऑपरेशन.

तारीख ठरली त्या दिवशी ते भाईंदर पूर्वेच्या आमच्या घराच्या बाल्कनीत बसून केबिन रोडवरची गर्दी बघत होते. मी म्हटलं, “काय करावंसं वाटतंय?” मला वाटलं मुलीला बोलवूया म्हणतील, गावी जाऊया म्हणतील. ते जड जिभेने, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे म्हणाले, “मदेरा. जुनी. एक घोट. जीभ आहे तोवर.”

मी हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरला विचारलं, एक घोट वाइन चालेल का. त्याने फाइलमधून मान वर न काढता सांगितलं, “काकू, त्यांना जे हवं ते द्या.” असं कुणाच्या बाबतीत म्हणतात ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नव्हते. बाहेर येऊन जिन्यात दहा मिनिटं रडले, तोंड धुतलं आणि कामाला लागले.

केबिन रोडच्या वाइन शॉपमध्ये आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. मदेरा म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, “आंटी, पोर्ट वाइन है ना, मीठा. लेडीज लोग वही ले जाते हैं.” दुधाची तहान ताकावर भागवतात, हे तर ताकसुद्धा नव्हतं. मुंबईतल्या एका मोठ्या दुकानाने सांगितलं, नवी मागवून देऊ, दीड महिना लागेल. आमच्याकडे दहा दिवस होते.

शुक्रवारी दुपारी खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. वर कुणाचं तरी वॉशिंग मशीन, खाली कुत्र्याची पिल्लं आणि मधे ही. ‘अँटिक वाइन. सील पॅक. फुल भरलेली. इंटरेस्टेड लोकांनीच फोन करा. भूपेश, भाईंदर वेस्ट.’ काळपट हिरवी बाटली, लेबल नाही, काचेवर पांढऱ्या रंगाने छापलेली अक्षरं. अर्धी पुसलेली, पण १९२० स्पष्ट होतं.

मी फोन काशीनाथच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. “लेबल नाही,” ते म्हणाले. “बरोबर. जुन्या मदेराला कागद नसतो. पांढरा रंगच असतो. उर्मिला, हे बरोबर आहे.” कितीतरी आठवड्यांनी त्यांनी माझं नाव असं घेतलं, आणि त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या.

मला मात्र शंका. भाईंदरमध्ये मदेरा? खाडीतले निवटी मासे सापडतात, मदेरा कशी सापडेल? ती दुपार मी कॉम्प्युटरसमोर काढली. अक्षरांचे साचे कसे असतात, बाटलीच्या तळाला खळगा किती खोल असतो, बूच आखूड का असतं, हे सगळं वाचलं. दारूला शिवलेही नव्हते आणि दारूतली जाणकार होऊन बसले. आमची मुलगी क्षितिजा नाशिकहून फोनवर म्हणाली, “आई, तू पीएचडी कर आता.”

शनिवारी सकाळी भिंग, टॉर्च, मोजपट्टी आणि वही घेऊन मी पश्चिमेला गेले. स्टेशनपासून खाडीच्या बाजूला जुना कोळीवाडा आहे, आता चारी बाजूंनी टॉवरनी वेढलेला. भूपेशचं घर तळमजल्याचं, दारात बर्फाचा टेम्पो. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला मोकळा माणूस. वरसाव्यापर्यंतच्या हॉटेलांना बर्फ पोचवतो.

“बापाची हाय, मॅडम,” तो म्हणाला. “जानू तांडेल. बंदरात जहाजं वडायच्या टगवर होता. बाहेरच्या जहाजाचा एक साहेब पान्यात पडला, त्याला बाबाने वर काढला. त्या कॅप्टनने दिली. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. बाबा बोलायचा, माझी सोताची होडी पान्यात लोटू तवा फोडू. होडी काय झाली न्हाय. खाडीत आता मासळी कुटं हाय?”

“मग इतकी वर्षं विकली का नाही?”

“आय हात लावू देत न्हाय ना. आता तिचं बी वय झालं, तर बगू बोललो इकून.”

आई आतल्या खोलीत होती. इंदुबाई. ऐंशीच्या घरातली, नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या नाहीत पण पाठ ताठ. तिने मला दारातून एकदा नीट बघितलं आणि परत आत गेली.

मी बाटली खिडकीत धरली. अक्षरं भिंगाखाली बघितली. रंग काचेत मुरलेला, नखाने निघत नव्हता. तळाचा खळगा बरोबर. काचेत एक बुडबुडा, जुन्या काचेत असतो तसा. तोंडाला लाखेचं सील. लाख मला कळते, बँकेत तिजोरीच्या पाकिटांना मीच लावायचे. ही जरा जास्तच चकचकीत वाटली. मग टॉर्च मागून धरला. आत लालसर तपकिरी द्रव, स्वच्छ. आणि गळ्यापर्यंत भरलेला. बुचाच्या खाली करंगळीएवढीसुद्धा जागा नव्हती.

वहीत मी लिहिलं, पातळी उत्तम. आणि लिहितानाच मला ती तंतोतंत जुळणारी सही आठवली.

घरी येऊन मी त्या बेटावर मेल पाठवला. जुन्या वाइनच्या नोंदी जपणाऱ्या एका संस्थेचा पत्ता मिळाला होता. सगळे फोटो, सगळी मापं. शेवटी न राहवून लिहिलं की माझ्या नवऱ्याची जीभ गुरुवारी काढणार आहेत, उत्तर लवकर द्याल तर बरं. काशीनाथना सांगितलं, सगळं जुळतंय, एक शेवटची चौकशी राहिलीय. त्यांनी शोकेसमधून दोन पातळ काचेचे ग्लास काढले. हॉटेलातून निवृत्त होताना मिळालेले, वीस वर्षांत न वापरलेले. ते मिठाच्या पाण्याने धुऊन त्यांनी उन्हात पालथे घातले. रविवारी परत धुतले, सोमवारी परत.

त्या तीन दिवसांत मी एक गोष्ट बघितली आणि न बघितल्यासारखी केली. रविवारी बोलण्याच्या नादात माझ्याकडून आमटीत मीठ दोनदा पडलं. मी पहिला घास थुंकला. काशीनाथची वाटी तोवर संपत आली होती. “छान झालीय,” ते म्हणाले. मी स्वतःला समजावलं, बिचारे मला बरं वाटावं म्हणून खाताहेत. दुसऱ्याच्या सहीत खोट काढणारी मी, घरातली तेवढी पास केली.

मंगळवारी सकाळी उत्तर आलं. लिहिणाऱ्या बाई वयस्क असाव्यात, मेलसुद्धा पत्रासारखा लिहिला होता. बाटली खरी आहे, त्यांनी लिहिलं होतं, अक्षरांचा साचा त्याच काळातला आहे. ही वाइन उघडली गेली तरी लगेच बिघडत नाही, त्याची चिंता करू नका. पण शंभर वर्षांत बुचातून थोडी थोडी उडून ती खांद्यापर्यंत तरी उतरायला हवी. जुन्या बुचानिशी गळ्यापर्यंत भरलेली बाटली मी आयुष्यात पाहिलेली नाही. बाई, कृपा करून विकत घेण्याआधी विचारा, ही कुणी भरली. आणि खाली, तुमच्या पतीसाठी मी मेणबत्ती लावली आहे.

मी काशीनाथना मेल दाखवला नाही. “होकार आलाय,” म्हटलं. “आणते.” ते दाढी करायला उठले.

कोळीवाड्यात पोचले तेव्हा भूपेश नुकताच फेरी संपवून आला होता. मी सरळ विचारलं, “ही बाटली कधी उघडली होती?”

“काय मॅडम, सील हाय ना!”

“लाख नवी आहे. आणि आतली पातळी खोटी आहे. कुणीतरी भरलीय.”

भूपेशचा चेहरा लाल झाला. “मी चोर हाय काय? बापाची शप्पत...”

“त्याला नको बोलू, बाय,” आतून आवाज आला. इंदुबाई दाराशी येऊन उभी राहिली. “मीच भरतंय ती.”

भूपेश आईकडे बघतच राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं. ती खाली बसली, मलाही बस म्हणाली, आणि मग तिने सांगितलं.

जानू गेला त्या वर्षी पितृपक्षात पान वाढायचं होतं. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या पानावर ठेवायचं, आणि त्यांच्या घरात दारूचा घोटही ठेवायचा. “जित्तेपनी त्याने त्या बाटलीतला येक थेंब घेतला न्हाय. नुसता पुसून पुसून ठेवायचा. मना वाटलं, त्याची वस्तू, त्यालाच नको काय? मंग फोडली. आर्दा कप त्याच्या पानावर ठेवला.”

“आणि भरली?”

“भरायलाच लागते. पितराच्या नावाची भरली वस्तू उनी ठेवायची न्हाय. वस्तू उनी झाली तर घरातलं मानूस उनं होतं. माझा येकच पोर.” तिने भूपेशकडे बघितलं. “जेवढी काडायची तेवढी भरायची. दर वर्साला.”

“कशाने भरता?”

“पयली आमच्या हातची गुळाची व्हती. मंग पोलिसांनी भट्ट्या मोडल्या, तवा दुकानातली देशी संत्रा. आता चार वर्सं पाय चालत न्हाईत, दुकानात कोन जाईल? गूळ जाळून पानी करतंय, लवंगा टाकतंय, डाक्टरने खोकल्याला ब्रँडी दिलेली ती घालतंय. रंग जमला पायजे ना. आदी दिव्याम्होरं धरून बगतंय. जमला की वततंय. वरून लाख.”

एकोणीस वर्षांत मी पुष्कळ बनावट पकडली, पण अशी पाहिली नव्हती. राग यावा तर कुणाचा यावा? मी हिशेब केला, सवयच ती. जानूला जाऊन एकतीस वर्षं. दर वर्षी अर्धा कप काढायचा आणि दुसरं काहीतरी अर्धा कप घालायचं. घटत्या शिलकीचं गणित, ते मला झोपेतही येतं. शंभरात सात. बाटलीत जहाजाच्या कॅप्टनने दिलेली मदेरा शंभरात सात भाग उरली होती, बाकी सगळं जानूला घातलेलं जेवण होतं.

“विकायची न्हाय,” इंदुबाई म्हणाली. “त्याला मी आदीच बोलली व्हती, यात तुमच्या कामाचं काय न्हाय. पन त्याला कारन सांगता येत न्हाय ना. सांगितलं तर पान पावत न्हाय.”

भूपेश डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसला. मला तिथेच रडू आलं. परक्या घरात, टेम्पोवाल्यासमोर. मी काशीनाथचं सगळं सांगून टाकलं. हॉटेल, पाहुणा, बेसिन, गुरुवार. इंदुबाईने मधे एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही. संपल्यावर तिने बाटली मागवून घेतली, सुरीने लाख फोडली आणि स्टीलच्या लहान डब्यात अर्धा कप ओतला.

“ने,” ती म्हणाली. “माझ्या घरवाल्याला बी जित्तेपनी न्हाय भेटली. पन उनी ठेवून जाऊ नको.”

कोनाड्यात एक काचेची बरणी होती, या वर्षीच्या भरण्यासाठी तयार ठेवलेली. तिने ती माझ्या हातात दिली. मी बाटली भरली. थोडं बाहेर सांडलं, ते तिने पदराने पुसलं. बत्तिसावी भर माझ्या हातची. शंभरात सातचे साडेसहा मी केले.

निघताना मी डब्याचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. बासष्टाव्या वर्षी पहिली दारू. लवंग. आधी लवंग, मग जळका गूळ, मग नाकात चढणारा कडक भपका. संत्र्याची साल नाही, अक्रोड नाही, आंबट रेघ तर नाहीच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. रिक्षात बसून मी ठरवलं, घरी जाऊन खरं सांगायचं. ज्या माणसाला आयुष्यभर एका खोट्याचा सल आहे, त्याला जाताजाता आणखी एक खोटं पाजायचं नाही. पुलाच्या चढावर हे नक्की होतं.

दार काशीनाथनी उघडलं. दाढी केलेली. अंगात पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आजाराने सैल झालेला. टेबलावर धुतलेली चादर, त्यावर ते दोन ग्लास. आणि डाव्या हातावर, घडी घालून, आमच्या घरातला पंचा. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. मला. “मॅडम,” म्हणाले, आणि हसले. चट्ट्यामुळे हसणं एका बाजूला ओढलं जात होतं.

मी डबा पुढे केला. रिक्षात ठरवलेलं रिक्षातच राहिलं.

“बाटली?”

“बाटली ते देत नाहीत. त्यांच्या बापाची आठवण आहे. एवढी दिली.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मीसुद्धा दिली नसती.” त्यांनी डब्यातून ग्लासात अशी ओतली की एक थेंब कडेला लागला नाही. शेवटी मनगटाला हलका पीळ. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, तिरका केला. रंग सुरेख दिसत होता. इंदुबाईने एकतीस वर्षं दिव्यासमोर धरून जमवलेला रंग. नाकाशी नेला, डोळे मिटले. मग घोट घेतला.

त्यांचं सगळं अंग ताठलं. सोललेल्या तोंडाला तो अर्क झोंबला असणार, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. पंचा हातावर तसाच. मी मनात म्हणत होते, म्हणा. म्हणा की उर्मिला, ही कसली लवंगेची दारू आणलीस. शिवी घाला. ग्लास फेका. मी पाया पडेन, सगळं सांगेन, आणि आपण दोघं हसू.

त्यांनी घोट गिळला. मान हलवली. आणि सावकाश, जड जिभेने, पण एकही शब्द न चुकता म्हणाले, “भाजलेला अक्रोड. संत्र्याची साल. जळत आलेली साखर. आणि शेवटी... जिभेच्या कडेने धावणारी आंबट रेघ.”

केसाचाही फरक नव्हता.

मला तेव्हा कळलं. चव आलेलीच नव्हती. सातव्या महिन्यात नाही, कधीच नाही. माझा सत्यनारायण, दोनदा मीठ पडलेली आमटी, दोन पोळ्या, सगळं माझ्यासाठी. त्यांच्या तोंडात आता नुसती आग होती, आणि त्या आगीवर ते मला छापील कार्ड वाचून दाखवत होते. त्यांना खरं-खोटं कधीच कळणार नव्हतं, आणि हे घोट घेण्याआधीपासून त्यांना ठाऊक होतं. मग मला दहा दिवस का पळवलं? बहुतेक, मी जिन्यात बसून रडू नये म्हणून.

ते माझ्याकडे बघत होते. सही तपासायला दिल्यावर खातेदार काउंटरपलीकडून बघतो तसे.

“जुळतंय?” त्यांनी विचारलं.

“जुळतंय,” मी म्हटलं.

“म्हणजे मी खोटं नव्हतो बोललो.”

“नाही. एक शब्दही नाही.”

ते खुर्चीत मागे टेकले. दमले होते. ग्लासात तळाशी बोटभर राहिली होती. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. “आता नको. झोंबतंय. बेसिनमध्ये ओतून टाक.”

मी ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेले. दारात कुणी कॅप्टन नव्हता. नळ सोडला, म्हणजे आवाज यावा. आणि बेसिनपाशी उभी राहून ते बोटभर मी पिऊन टाकलं. लवंग, गूळ, भपका. मी ते जिभेवर धरून ठेवलं, त्यांनी धरलं होतं तितका वेळ, आणि त्यातले ते सात भाग शोधले. कुठेतरी असायलाच हवे होते, गणित खोटं बोलत नाही. अक्रोड शोधला. साल शोधली. रेघ शोधली. काही सापडलं नाही.

“ओतलंस?” बाहेरून त्यांनी विचारलं.

मी नळ बंद केला.

“हो,” म्हटलं, “ओतलं.”